पाटातला हिरवा

मुबारकबीनं मोनिकाचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड चेपून पाहिलं, बांगडीचं माप डोळ्यांनीच ठरवलं, मग तळवा उजेडाकडे वळवला आणि हात सोडून दिला. झटकला नाही; नुसता सोडला, गरम कप खाली ठेवावा तसा. कापडबाजारातल्या त्या बोळीत एप्रिलची दुपार साचली होती. मागच्या बाकड्यावर दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं, किंवा मोनिकाला तसं वाटलं.

“हे काय झालंय बेटी हाताला?”

“काही नाही. भांड्याच्या साबणानं.”

“साबणानं असं?” म्हातारी चष्म्यावरून बघत राहिली. मग तिनं खोक्यातून एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, मोनिकाच्या पंजावर चढवली आणि पिशवीवरून बांगड्या सरकवायला लागली. अवघड हातांना ती तसं करायचीच, बांगडी घसरावी म्हणून. पण मोनिकाचा हात अवघड नव्हता. लग्न झाल्यापासून ती इथंच बांगड्या भरत होती आणि “लोणी हाय तुझा हात” असं मुबारकबी दर खेपेला म्हणायची. आज म्हणाली नाही. पिशवी कुरकुरत राहिली, हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या आणि पिशवी काढून मुबारकबीनं ती खोक्यात परत न ठेवता पायाशी टाकली. एवढंच झालं. दुकानातून उतरताना मोनिकाला वाटलं, आपण काहीतरी चोरून नेतोय आणि ते सगळ्यांना दिसतंय.

केडगावच्या रिक्षात ती हात ओढणीखाली घेऊन बसली. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोर त्या ओढणीशी खेळत होतं आणि मोनिका ती हळूहळू आपल्याकडे ओढत होती. खाज सुरू झाली होती. ती बोटांच्या बेचक्यातून सुरू व्हायची, आधी नुसती ऊब, मग कुणीतरी आतून नखानं लिहितंय असं काहीतरी, मग मनगटापर्यंत. खाजवलं की क्षणभर इतकं बरं वाटायचं की डोळे मिटायचे, आणि लगेच आग. सुनीलला तिनं साबण सांगितला होता. नणंदेला, रेश्माताईंना, उन्हाळा सांगितला होता. स्वतःला धूळ. पण धूळ नव्हती हे तिला कळत होतं. लाकडाच्या खाचेत रंगीत रेझिन ओतलं की दुसऱ्या दिवशी ते येत होतं, इतकं नेमानं की आता ती त्याची वाट बघायची. आधी बोटांवर बारीक पुटकुळ्या यायच्या, साबुदाण्यासारख्या. मग कातडी सुटायची. गेल्या महिन्यापासून पापण्याही सुजत होत्या, हात तर तिथं लागलाही नव्हता. तिनं हातमोजे बदलले होते, एकावर एक दोन घातले होते, आतल्या घामानं बोटं पांढरी पडायची. सगळं केलं होतं, एक सोडून.

घराच्या फाटकापाशी आली तेव्हा मागच्या शेडमधून पटाशीचा आवाज येत होता. ठक, ठक, मग थोडा थांबा, मग फुंकर. थांब्यात आबा लाकडाकडे बघत असणार. या आवाजानं तिला नेहमी बरं वाटायचं. आज तो ऐकून ती फाटकाशीच थांबली.

आबा म्हणजे सुनीलचे वडील, सहादेव. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावात त्यांनी जन्मभर सुतारकी केली. नांगर, दारं, पाळणे, लग्नाचे पाट. सासूबाई गेल्या, बनुबाई, आणि सुनील आबांना इथं घेऊन आला. सुनील सुप्याच्या कंपनीत शिफ्टला, मुलगा ओम पुण्यात होस्टेलवर, मोनिका ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची तो क्लास बंद पडलेला. घरात ती आणि सासरे. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, पण रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. सुरुवातीला तिला वाटलं उन्हामुळे. मग पावसाळ्यातही तसेच. जेवायला हाक मारली की यायचे, येताना वाटेतल्या प्लायवूडच्या दारावर बोटाचं पेर वाजवायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, “भुसा हाय नुसता.” दिवसातलं त्यांचं तेवढंच बोलणं. तिला त्यांच्यासमोर फिरायचं भय वाटायला लागलं होतं. त्या पाठीचं नाही. आपणही तसंच बसू शकतो, याचं. दुपारी भांडी झाल्यावर ती मोबाईल घेऊन पडायची आणि छताकडे बघत राहायची आणि गॅलरीतली खुर्ची कुरकुरली की उठून उगाच काहीतरी करायची.

मग रस्त्याकडेची चिंच तोडली. आबा कुणाला न सांगता गेले आणि एक फळी ओढत आणली, वाटेत दोनदा बसून. मागच्या अंगणात ती रंधली. मधोमध किड्यांनी खाल्लेली लांब खाच निघाली. “वाया गेली,” म्हणून त्यांनी ती भिंतीला टेकवली. मोनिकानं असल्या खाचा रंगीत रेझिननं भरताना कुणालातरी मोबाईलवर पाहिलं होतं. तिनं मागवलं: दोन बाटल्या, एकीत रेझिन, एकीत ते घट्ट करणारं हार्डनर, बरोबर रंगाच्या पुड्या. पहिल्या वेळी ते वाळलंच नाही, गुळाच्या पाकासारखं चिकट राहिलं आणि त्यात एक माशी अडकली. दुसऱ्यांदा बुडबुडे. तिसऱ्यांदा जमलं. घासून, तेलाचा हात फिरवून तिनं फळी उन्हात धरली. आबा खुर्ची सोडून जवळ आले, खाचेवरून अंगठा फिरवला. लाकूड कुठं संपलं आणि रंग कुठं सुरू झाला ते अंगठ्याला लागत नव्हतं. ते म्हणाले, “पानी साचल्यागत दिसतंय.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची अंगणात आली.

तेव्हापासून ते कोरायचे, ती भरायची. पोळपाट, ट्रे, दारावरच्या नावाच्या पाट्या, चौरंग. मागच्या बाजूला सुनीलनं पत्र्याची शेड घालून दिली. ते फारसं बोलत नसत. पण आता ते न बोलणं वेगळं होतं. लोकांना निळा हवा असायचा, समुद्रासारखा. ती निळा करून द्यायची. पण स्वतःच्या मनानं केलेल्या वस्तूत ती दुसराच रंग शोधत होती. ती पुणतांब्याची. उन्हाळ्यात गोदावरी तुटायची, घाटाखाली डोह उरायचे, आणि त्या पाण्याचा एक रंग होता. मातकट, शेवाळी, तळाशी काळा, वर ऊन पडलं की मधासारखा. लहानपणी ती पायरीवर पालथी पडून त्यात बघत राहायची. आई हाका मारून दमायची. तो रंग तिला एकदाच जमला होता, एका ट्रेमध्ये, आणि पुन्हा करायला गेली तर आला नव्हता. मिसळताना मनगट किती फिरलं, चिमटीत किती पूड आली, उजेड कसा होता. रंग एकदा झाला की झाला. तिला त्याचीच ओढ होती. उठल्याबरोबर कालचं वाळलं का हे बघायला ती चहाआधी शेडमध्ये जायची. एवढ्या वर्षांत कुठल्याच गोष्टीसाठी ती अशी धावली नव्हती. आणि आता अंग म्हणत होतं, नको.

मुबारकबीची ती पिशवी डोक्यातून जाईना. शेवटी मोनिका सावेडीतल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी पाठीवर औषधांच्या ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस आंघोळ नको म्हणाल्या. त्या दोन दिवसांत पाठीवर एकाच जागी निखारा ठेवल्यासारखं होत राहिलं. पट्टी काढण्याआधीच तिला उत्तर माहीत होतं.

“रेझिन,” डॉक्टर म्हणाल्या. “बंद करायचं.”

“कमी केलं तर? आठवड्यातून एखादा दिवस?”

“कमी नाही. शरीरानं एकदा ओळखलं की ते विसरत नाही. आज बोटं आहेत, उद्या तोंड सुजेल. पूर्ण वाळलेल्या वस्तूला हात लागला तर चालेल. पण मिसळणं, ओतणं, घासणं बंद. त्या खोलीतही थांबू नका.” मग चिठ्ठी लिहितालिहिता त्यांनी सहज विचारलं, “छंदच आहे ना?”

“हो,” मोनिका म्हणाली. बाहेर येऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. हो म्हणाल्याचा तिला इतका राग आला होता की उठवेना.

घरी तिनं सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आबांना सांगायचं होतं, आणि आबांना सांगायचं म्हणजे ती खुर्ची पुन्हा गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून. शिवाय पूजाचं लग्न आलं होतं. पूजा रेश्माताईंची मुलगी, आबांची एकुलती नात, आणि आबांनी तिच्यासाठी सागवानी पाटांची जोडी करायला घेतली होती. कडेनं वेल कोरला होता, पान न् पान वेगळं. वेलात रंग मोनिका भरणार होती. अशी कारणं ती स्वतःला देत होती आणि ती खोटी नव्हती. पण मलम लावून, औषधाची गोळी घेऊन, तोंडाला मास्क बांधून ती दुपारी शेडमध्ये शिरली आणि नवरदेवाच्या पाटाचा वेल भरायला बसली तेव्हा तिच्या मनात आबा नव्हते नि पूजाही नव्हती. कपात रंग फिरत होता आणि फिरताफिरता तो तळाशी काळा, वर मधासारखा झाला. तिचा हात थांबला. आलाच की. तिनं तो वेलात सोडला, पानापानात, श्वास धरून, आणि अंगभर एक गार शांतता पसरली. तेवढ्यासाठी काहीही सोसायची तिची तयारी होती.

सकाळी तिचे डोळे उघडले नाहीत. पापण्या अशा सुजल्या होत्या की बोटानं वर कराव्या लागल्या. सुनील पहिल्या पाळीची तयारी करत होता. तिला बघून त्याच्या हातातला डबा तसाच राहिला. मग सगळं निघालं. डॉक्टर, पट्टी, किती दिवस. आबा न्हाणीच्या दाराशी उभे राहून ऐकत होते.

“मग बंद कर ना,” सुनील म्हणाला. तो घाबरला होता म्हणून आवाज चढला होता. “एवढं काय आहे त्यात? डोळे जायची वेळ आली!”

“एवढं काय आहे त्यात,” ती म्हणाली. तिला प्रश्न विचारायचा नव्हता, तसंच तोंडातून आलं.

आबा तिथून वळले. शेडकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात शेडच्या कुलपाची किल्ली होती, ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. “तू आता आत यायचं न्हाई, मोनिका,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली असावी.

तिला वाटलं होतं, ते खुर्चीवर बसतील. त्याची तिनं तयारी केली होती. मनातल्या मनात त्यांना समजावण्याची वाक्यं जुळवली होती. पण दोन दिवसांनी तिच्या खोलीच्या दाराशी येऊन त्यांनी विचारलं, “ते वाटीनं मापायचं का चमच्यानं?” तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सांगितलं: दोन भागाला एक भाग, हळू ढवळायचं, फेस आणायचा नाही, हातमोजे घालूनच. सांगताना आवाज नेहमीचा ठेवला. ते मान डोलवत गेले. संध्याकाळी त्यांनी आणून दाखवलेला लाकडाचा तुकडा चिकट होता, बुडबुड्यांनी भरलेला. “मला न्हाई जमत,” ते म्हणाले, आणि मोनिकाला आनंद झाला. खरंच झाला. गोड काहीतरी जिभेखाली ठेवावं तसा तो आनंद तिनं रात्रभर ठेवला आणि सकाळी त्याची शिसारी आली. एक म्हातारा माणूस धडपडतोय आणि आपण तो पडावा म्हणून बघतोय. ती अंगणात फेऱ्या घालायची. कपडे वाळत टाकून पुन्हा काढायची. हात बरे होत चालले होते, नवी गुलाबी कातडी येत होती, आणि त्या बऱ्या हातांचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. शेडचं दार बंद. आत ढवळण्याचा बारीक आवाज. तिच्या कपात, तिच्या काडीनं.

मग एका सकाळी त्यांनी दुसरा तुकडा आणला. काही न बोलता ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेले. चिंचेचा तुकडा, मधे बोटभर खाच, आणि खाचेत हिरवा. असा हिरवा तिनं कधी केला नव्हता, तिला सुचलाही नसता. पोपटी म्हणावा तर त्यात पिवळा उतरलेला, आणि बघत राहिलं की तो हलतोय असं वाटत होतं. भाताच्या रोपांचा होता तो. आषाढात खाचरात टाकलेलं रोप, उपटण्याच्या आदल्या दिवशीचं. ती लग्नानंतर एकदाच त्या दिवसांत अकोल्याला गेली होती आणि एसटीच्या खिडकीतून तिनं ते पाहिलं होतं. तुकडा हातात घ्यायला तिला डॉक्टरांची मनाई नव्हती. तरी तिनं तो उचलला नाही. तो चांगला होता. तिच्या डोहाइतका चांगला होता. आणि तो करायला त्यांना दोन महिनेही लागले नव्हते.

“दुसरा पाट मी भरतो,” जेवताना आबा म्हणाले. “पूजाचा.”

सुनील म्हणाला, “वा! झालं की मग काम.” मोनिकानं त्यांना भाकरी वाढली.

त्या दुपारी ती झोपायला पडली आणि झोप लागेना. शेडच्या मागच्या बाजूला जाळीची खिडकी होती, वारा यायला ठेवलेली. ती उठून तिथं गेली. पत्र्यावर ऊन असं तापलं होतं की वरची हवा थरथरत होती. आत आबा बाकड्याशी उभे होते. हातात मोजे, तोंडाला तिचाच मास्क. समोर पाट, वेलाची पानं रिकामी, आणि त्यांच्या हातातल्या कपात तो हिरवा फिरत होता. ते त्यात चिमटीनं पिवळी पूड सोडत होते, थांबत होते, कप उजेडाकडे नेत होते. त्यांचे ओठ मास्कखाली हलत होते. ते कुणाशी बोलत असावेत हे तिला कळलं, आणि तरी ती म्हणाली, “आबा, तो पाट नका भरू.”

ते दचकून वळले. “का? चुकलं काय?”

“चुकलं नाही.”

“मग?”

जाळी तिच्या तोंडासमोर होती. “ते माझं आहे,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला लहान मुलीसारखा वाटला. “कोरायचं तुमचं, भरायचं माझं. तुम्ही ते पण घेतलं. मला काय राहिलं मग? मी दिवसभर काय करू ह्या घरात?”

आबांनी कप बाकड्यावर ठेवला. मास्क खाली ओढला. पाटावरच्या रिकाम्या पानांवरून त्यांनी मोज्यातलं बोट फिरवलं. “मला वाटलं,” ते म्हणाले, “थांबलं तर तुला लई लागंल. म्हनून चालू ठिवलं.” मग थोड्या वेळानं, “आन् खरं सांगू का, मला बी नादच लागला. ती असती तर तिला दावलं असतं. ह्यो रंग बनुनं वळखला असता.”

मोनिकाला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

“न्हाई भरत मी,” आबा म्हणाले. “सादाच देऊ पूजाला. काय बिघडत न्हाई.” आणि ते मोजे काढायला लागले.

तेव्हा तिचं लक्ष कपाकडे गेलं. कपाच्या कडेला रेझिन किंचित दाट दिसत होतं आणि वरचा चकाकता पृष्ठभाग मधेच थांबल्यासारखा झाला होता. मिसळलेलं रेझिन कपात ठेवलं की आपल्याच उष्णतेनं तापायला लागतं; पसरलं तर निवतं, साठवलं तर भडकतं. थंडीत ते दम धरतं. या उन्हात, या पत्र्याखाली, थोड्याच वेळात त्या कपातून वाफ निघाली असती, प्लॅस्टिक वाकलं असतं आणि आत एक हिरवा दगड उरला असता. आबांना ते माहीत नव्हतं. तिचं त्यांना ते सांगायचं राहून गेलं होतं, की तिनं मुद्दामच सांगितलं नव्हतं, ते तिला आता आठवेना. एका मोज्यातून हात काढून आबा दुसरा मोजा सोडवत होते, सावकाश, म्हाताऱ्या बोटांनी. गप्प राहिलं की झालं. काहीच करावं लागणार नव्हतं. तो हिरवा पुन्हा आला नसता. तिला कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं की पुन्हा येत नाही.

“आबा, मोजे घाला,” ती म्हणाली.

“आं?”

“घाला परत. लवकर. कप तापतोय. ओता.”

“आत्ताच म्हनलीस नको...”

“म्हणाले ना! आता ओता म्हणतेय. कप दगड होईल, आबा, हात लावून बघा!” ती जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडत होती. आबांनी कपाला बोट लावलं, चटकन मागं घेतलं, धडपडत मोजा चढवला, मास्क वर ओढला आणि कप उचलला. कपाचं तोंड पाटाच्या कोपऱ्याकडे गेलं.

“तिथनं नको. मधल्या पानापासून धरा. जाड करू नका, वाहू दे त्याला. बारीक धार... अजून बारीक.”

हिरवा पानात उतरला. सागवानाच्या तपकिरीवर तो आधी काळपट दिसला, मग काठापर्यंत चढला आणि उजळला. धार तुटत नव्हती. देठातून तो पुढच्या पानात गेला, तिथून वळणाला लागला. मोनिकाच्या कपाळाला जाळी रुतली होती. ती उन्हात उभी होती, घामानं पाठ भिजली होती आणि ती एकेक पान सांगत होती, डावं, आता वरचं, सोडू नका, चला.

शेवटच्या पानाशी आबा थांबले. कपात थोडासाच उरला होता. त्यांनी न वळता विचारलं, “बास?”

तिनं बघितलं. पानाच्या टोकाशी तीळभर जागा कोरी होती. त्यांच्या डोळ्यांना ती दिसण्यासारखी नव्हती.

“अजून,” ती म्हणाली. “टोकाला. अजून थोडा.”